हँडल धरू नका, बाबा

मी दरवाजा बोलतोय. आवाज जरा पोकळ येईल, तेवढं सांभाळून घ्या. आवाजच काय, मी सगळाच पोकळ आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्या आयुष्यातली सगळी काळजी त्या एका गोष्टीतून निघालेली आहे.

बाहेरून बघाल तर फसाल. पांढराशुभ्र रंग, अंगावर लाकडासारख्या बारीक रेघा, चार चौकोन छान उठवलेले, उंची सात फूट. कुणालाही वाटावं, काय दणकट गडी आहे! आणि आत काय? पुठ्ठा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहा कोनी घरं असलेला पातळ पुठ्ठा. चारी कडांना दोन-दोन बोटं रुंदीच्या लाकडी पट्ट्या, कुलुपापाशी एक हातभर लांबीचा भरीव ठोकळा, आणि दोन्ही बाजूंनी चिकटवलेलं एवढंसं पातळ कवच. बस, संपलो मी. तुमच्या पोटात भुकेने कावळे ओरडत असतील, माझ्या पोटात ओरडायलाही कुणी नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, गरम प्रेसच्या दोन लोखंडी तव्यांमध्ये. तिथे आम्ही सगळे भाऊबंद एकाच छपराखाली असायचो. वरचे कपडे साधारण सारखेच, फरक सगळा पोटातला. त्या पोटातल्या मालाला तिथली माणसं 'कोर' म्हणत, आणि कुणाची कुठे रवानगी होणार ते त्यावरच ठरायचं.

सगळ्यात तोऱ्यात असायचा प्लायवुड. त्याच्यात लाकडाचे पापुद्रे एकावर एक, एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे. त्यामुळे तो कुठूनही सहजासहजी वाकत नाही, आणि हे तो दिवसातून दहा वेळा ऐकवायचा. ब्लॉकबोर्ड त्या मानाने शांत. लाकडाच्या पट्ट्या शेजारी शेजारी मांडलेल्या, अंगात ताकद, पण बडबड नाही. लांब फळ्या, मोठी दारं करायची तर त्यालाच हाक मारायचे. एमडीएफ म्हणजे लाकडाचा पिठासारखा बारीक तंतू दाबून केलेला. गुळगुळीत, नक्षी कोरून घ्यायला एका पायावर तयार, पण पाण्याचं नाव काढलं की तोंड पाडून बसायचा. पार्टिकल बोर्ड भुशा-चुऱ्याचा. ऑफिसातली टेबलं, स्वस्तातली कपाटं त्याच्या वाट्याला. बिचारा सांगायचा, "माझ्यात स्क्रू एकदाच फिरवा रे, काढून पुन्हा घातलात तर धरवत नाही मला." त्याचं ऐकून मला आणखीच धडकी भरायची. त्याच्यात निदान भुसा तरी होता!

तपासणीला एक बाई असायच्या. बोटाच्या पेराने प्रत्येकाला टकटक करून बघायच्या. माझ्यापाशी आल्या, वाजवलं आणि शेजारच्या नव्या मुलीला म्हणाल्या, "हा आतल्या खोलीचा. हलका आहे, बिजागऱ्यांना त्रास नाही, उघड-मीट करायला सोपा. वाईट नाही हं हा. फक्त ह्याच्या अंगावर भार टाकायचा नाही. भार टाकायचा तर कुलुपाच्या ठोकळ्यावर, बाकी कुठे नाही."

मला त्यांचा इतका आधार वाटला म्हणून सांगू! वाटलं, चला, कुणाला तरी माहीत आहे. पण त्या बाई कारखान्यातच राहिल्या आणि मी ट्रकमध्ये चढलो.

दुकानात मला बघायला नवरा-बायको आले. नवं घर घेतलेलं, दोघंही उत्साहात. नवऱ्याला मी मनातल्या मनात चिरंजीव म्हणतो, का ते पुढे कळेलच. त्याची बायको ती सूनबाई.

"बाहेरच्या दाराला भरीव घ्या," दुकानदार म्हणाला. "ब्लॉकबोर्डचा. चोराने लाथ मारली तर चोराचाच पाय दुखेल."

"आणि सिंकखाली तो भुशाचा नको हं," सूनबाई म्हणाल्या. "माझ्या आईकडे पाणी लागून फुगला आणि उशी झाली त्याची."

"तिथे पाण्याला टिकणारं प्लाय देतो, वहिनी. आतल्या खोल्यांना हा घ्या. उचलून बघा, साहेब, एका हाताने!"

चिरंजीवांनी मला खरंच एका हाताने उचललं आणि खूश होऊन विचारलं, "आत काय असतं हो ह्याच्या?"

माझा सगळा जीव कानात गोळा झाला. सांग रे बाबा, आता तरी सांग!

"दरवाजा आहे साहेब, आत काय असायचं? तुम्हाला काय आत राहायला जायचंय?" दुकानदार म्हणाला. तिघंही हसले आणि विषय तिथेच संपला.

घरात माझी नेमणूक मागच्या लहान खोलीला झाली. पहिली काही वर्षं तशी बरी गेली. माणसं दारांशी कशी वागतात ते मी तेव्हा बघितलं. भांडण झालं की आधी दार आपटतात. सूनबाईंनी मला एकदा जोरात आपटलं, पण माझा आवाज 'फट्' एवढाच आला. राग निघेना म्हणून त्या तरातरा बाहेरच्या खोलीत गेल्या आणि तो ब्लॉकबोर्डचा दरवाजा आपटून आल्या. शिवाय माझ्या पाठीवर टॉवेल, पिशव्या, ओल्या छत्र्या. मी अंग चोरून उभा राहायचो. पण छत्रीचं ओझं ते किती! कुणी पडणार नाही, कुणाला लागणार नाही. तेव्हा मी उगीचच घाबरायचो, हे आता कळतं.

मग बाबा आले.

बाबा म्हणजे चिरंजीवांचे वडील. जन्मभर सुतारकाम केलेले. स्वतःच्या घरी पायरीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई घालून त्यांना इकडे आणलं. माझ्याच खोलीत. डॉक्टरांनी निघताना जे सांगितलं ते सूनबाई फोनवर हिला-तिला सांगत होत्या म्हणून मला कळलं. "पुन्हा पडायचं नाही म्हणाले. पुन्हा पडले तर मग ह्या वयात उभं राहणं विसरा."

दोघांनी धरून त्यांना पलंगावर बसवलं. खोली एवढीशी, की मी उघडलो की पलंगाच्या कडेलाच येऊन टेकतो. बाबांनी दम घेतला, इकडेतिकडे पाहिलं, आणि हात लांब करून बोटाच्या पेराने माझ्या पोटावर वाजवलं. एकदा मधोमध, एकदा कडेला.

"हं," म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असल्या माणसापुढे काय लपणार? ह्यांनी अस्सल लाकूड हाताळलेलं, आणि मी हा असा. पण खरं सांगू, लाजेपेक्षा सुटका जास्त वाटली. ह्या घरात एका माणसाला तरी आता माहीत होतं.

चार दिवसांनी व्यायामवाल्या बाई आल्या. आवाज खणखणीत, कुणाचं ऐकून घेणार नाहीत. त्यांनी बाबांना वॉकर धरून चालवलं, पाय उचलायला लावले आणि चिरंजीवांना म्हणाल्या, "चालतायत बरे. पण बसल्याचे उठताना आधार हवा. तुम्ही दोघं दिवसभर कामावर, मग उठवणार कोण? पलंगाशी धरायला काहीतरी पक्कं लावा."

चिरंजीव विचारात पडले. पलंगाच्या एका बाजूला खिडकी, पायथ्याशी कपाट, उशाला भिंत. उठायच्या बाजूला होतो फक्त मी.

रविवारी सकाळी ते स्टीलचं भलंमोठं हँडल आणि मित्राकडून मागून आणलेलं ड्रिल घेऊन खोलीत आले. मला उघडून माझी खालची कडी जमिनीतल्या भोकात सरकवली, म्हणजे मी हलायला नको. मग टेपने मला उभा-आडवा मोजला आणि बरोबर मधोमध पेन्सिलीने खूण केली.

मधोमध! अहो, कुलुपाचा ठोकळा तिथून सहा बोटांवर होता. फक्त सहा बोटं बाजूला सरकले असते तर चारही स्क्रू लाकडात बसले असते. पण मधोमध शोभून दिसतं ना! ड्रिल घुसलं, कवच फोडून गेलं आणि पुढे त्याला काहीच लागलं नाही. ज्याच्या हाताला सवय आहे त्याला तेव्हाच कळलं असतं. चिरंजीवांना वाटलं, काय झटकन भोक पडलं!

मी बाबांकडे बघत होतो. ते पलंगावर बसून सगळं बघत होते. मी मनात ओरडत होतो, बोला बाबा, बोला!

"बघा बाबा, कसं बसलंय!" चिरंजीव कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता, की मीही क्षणभर स्वतःला भरीव समजलो. "घट्ट आहे ना?"

"छान झालं," बाबा म्हणाले. "मस्त केलंस."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. असं कसं म्हणाले? विसरले की काय? परवाच तर वाजवून बघितलं होतं! की वयोमानाने आता कान गेले?

दुसऱ्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. सकाळी सातला चिरंजीव चहा घेऊन यायचे, बाबा डावा हात हँडलवर ठेवायचे आणि उठायचे. ते हात पुढे करत आणि माझी पाचावर धारण बसे. आज निघणार हे. आता निघणार. कवच फाटणार, हँडल हातात येणार आणि बाबा जमिनीवर. मी ओरडायला जायचो तर जेमतेम 'कुईं' असा आवाज निघायचा.

तो आवाज सूनबाईंनी ऐकला. मला वाटलं, जमलं! त्या जवळ आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, बिजागरी कुरकुरतेय वाटतं." लगेच तेल आणून तिन्ही बिजागऱ्यांत घातलं. झालं. तेवढा एक आवाज होता माझ्याकडे, तोही गेला.

आठवडा झाला तरी हँडल जागच्या जागी होतं. हे काय गौडबंगाल आहे ते मला कळेना. माझ्यावर भार यायचाच नाही. बाबांचा हात हँडलवर असे, पण माशी बसावी तसा. सगळा जोर उजव्या हाताने गादीवर, गुडघे थरथरतायत, मानेच्या शिरा ताठ. चिरंजीव समोर उभे राहून म्हणायचे, "वा बाबा, हँडलचा चांगला उपयोग झाला!" आणि बाबा हसून मान डोलवायचे.

सूनबाईंची नजर जरा तिखट. एकदा त्या म्हणाल्या, "बाबा, नुसतं उठायला तुम्हाला एवढा घाम का येतो?"

"म्हातारा झालो ना मी. तुम्ही कशाला काळजी करता?"

दुपारी घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. तेव्हा तर ते हँडलला बोटही लावायचे नाहीत. दोन्ही हात गादीवर दाबून उठायचे. पहिल्या खेपेला जमायचं नाही. दुसऱ्या खेपेला अर्धे उठून मागे बसायचे. तिसऱ्या खेपेला कसेबसे उभे राहायचे आणि वॉकरसाठी हात चाचपडत पुढे टाकायचे. त्या मधल्या क्षणात त्यांना धरायला काहीही नसायचं, आणि माझा जीव नुसता टांगणीला लागायचा. आठवडाभर मी 'हँडल धरू नका, बाबा' म्हणत होतो, आणि आता मीच म्हणायला लागलो, काहीतरी धरा हो!

एक दिवस ते उठताना एकदम पुढे कलले. कसे सावरले त्यांनाच माहीत. धपकन मागे बसले, छातीवर हात ठेवून. नंतर संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. पाण्याचा तांब्या जवळ होता, पण पाणी प्यायले की उठावं लागेल म्हणून घोटभरही प्यायले नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय रे पुठ्ठ्या?"

पुठ्ठ्या! मला कुणी नाव ठेवलं ते हे असं. वाईट नाही वाटलं. कुणीतरी मला माझ्या खऱ्या नावाने हाक मारत होतं.

"तुला वाटत असेल, म्हातारा बोलत का नाही," ते म्हणाले. "माझा तो धांदरट मुलगा आठवीत होता तेव्हा त्याने माझ्यासाठी स्टूल केला होता. सुट्टीभर खपून. माझ्या हाताखालचे सगळे सुतार जेवायला बसले होते, त्यांच्यासमोर घेऊन आला. आणि मी काय केलं? त्याचे पाय धरले आणि एका हिसक्यात सगळे सांधे सोडवून दाखवले. म्हटलं, असं जोडत नाहीत, ह्याच्यावर बसणारा मरेल. सगळे हसले. तेव्हापासून त्याने हत्याराला हात लावला नाही. तीस वर्षं. आणि आता हे ड्रिल घेऊन आला, तर त्याला काय सांगू मी? हेही मोडेल म्हणून सांगू?"

मी त्यांचा राग करत होतो, आणि इथे हा प्रकार. पण तरी माझं मन मानेना. अहो बाबा, स्टूल मोडला तर मोडला, तुमचं हाड मोडलं तर काय करायचं? पुन्हा उभं राहणं विसरा म्हणालेत डॉक्टर!

पुढच्या शनिवारी व्यायामवाल्या बाई आल्या. चिरंजीव आणि सूनबाई दोघंही घरी होते. बाईंनी बाबांना पलंगावरून उठायला सांगितलं, बाबांनी नेहमीप्रमाणे हँडलवर हात ठेवला आणि उजव्या हाताने गादी दाबली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे काय चाललंय? गादी दाबून उठायचं नाही, तोल जाईल. हँडल कशाला लावलंय? दोन्ही हातांनी धरा आणि पूर्ण भार टाका."

"जमतं मला असं," बाबा म्हणाले.

"जमत नाहीये. पाय लटपटतायत तुमचे. धरा दोन्ही हातांनी."

"अहो बाबा, बिनधास्त धरा," चिरंजीव पुढे आले. "चांगले मोठे चार स्क्रू आहेत."

बाबांनी हात मागे घेतला. "नको."

"का नको?"

"नको म्हटलं ना."

चिरंजीवांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "मी लावलंय म्हणून का?"

आता हे म्हातारे हट्टाला पेटून खरंच धरतील, मुलाचं मन राखायला स्वतःला आपटून घेतील, अशी माझी खात्रीच झाली. बाबांचा हात उठला, हँडलपर्यंत आला. मग खाली गेला.

"दार पोकळ आहे रे," बाबा म्हणाले. इतक्या हळू, की बाईंनाही नीट ऐकू गेलं नसेल. "आत पुठ्ठा आहे. स्क्रूला धरायला काही नाही."

"पोकळ? काहीतरीच काय!" चिरंजीव एकदम चिडले. "मी स्वतः घट्ट केलंय. हे बघा!" आणि दोन्ही हातांनी हँडल धरून ते सगळा भार टाकून मागे रेलले.

मी धरायचा प्रयत्न केला. अगदी मनापासून केला. पण कागदाने किती धरायचं? खर्रकन आवाज झाला, वितभर कवच फाटलं, आणि चिरंजीव हँडलसकट जमिनीवर, पाय पसरून बसलेले. माझ्या पोटातला पुठ्ठा सगळ्यांसमोर बाहेर लोंबत होता.

सूनबाई धावल्या. "लागलं का हो?"

लागलं नव्हतं. चिरंजीव हातातल्या हँडलकडे बघत होते. मग माझ्याकडे. मग बाबांकडे.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आलो त्या दिवसापासून."

"मग रोज धरून उठत होतात ते?"

"धरत होतो. भार नव्हतो टाकत."

"आणि आम्ही नसताना? दुपारी?"

बाबांनी गादीवरून हात फिरवला. चिरंजीवांना जे समजायचं ते समजलं. "बाबा, पडला असतात म्हणजे! एक वाक्य बोलायचं होतं फक्त. एक वाक्य!"

"एकदा बोललो होतो ना," बाबा म्हणाले. "स्टुलाच्या वेळी. चारचौघांत. त्याचं काय झालं ते बघितलं मी."

चिरंजीवांनी हँडल बाजूला जमिनीवर ठेवलं. मग म्हणाले, "मला वाटलं तुम्ही ते कधीच विसरलात."

"मी कसा विसरेन? मीच तर मोडला ना."

व्यायामवाल्या बाई खाकरल्या आणि म्हणाल्या, "मी सोमवारी येते. तोपर्यंत ह्यांना एकटं उठू देऊ नका." जाताना त्यांचाही आवाज खाली आला होता.

त्या दिवशी मी माझ्या मरणाची वाट बघत होतो. चिरंजीव म्हणाले, "हा फेकून देऊ. सोमवारी भरीव दरवाजा आणतो." बरोबरच होतं त्यांचं. माझी तक्रार नव्हती. पण बाबा म्हणाले, "ह्याचा काय दोष? ह्याला जे काम दिलं ते तो नीट करत होता. आपण नको ते सांगितलं त्याला. आण इकडे त्याला, मी सांगतो तसं कर."

मला बिजागऱ्यांतून काढून दोन स्टुलांवर आडवा घातला. जन्मात पहिल्यांदा मी छताकडे बघत होतो. बाबा पलंगावर बसून सांगत होते, चिरंजीव जमिनीवर गुडघे टेकून करत होते.

"आधी वाजव. ऐक. इथे कसा वाजतो? आता इकडे सरक. फरक कळला?"

"हो! इथे आवाज बसका आहे."

"तो ठोकळा. तिथपर्यंत काप."

फाटलेलं कवच चौकोनात कापलं, लोंबणारा पुठ्ठा काढला. त्या जागी जुन्या ठोकळ्याला भिडवून नवं लाकूड बसवायचं होतं. चिरंजीवांनी ते तीनदा कापलं. पहिल्यांदा लहान झालं, दुसऱ्यांदा तिरकं. तेव्हा बाबांच्या तोंडून निघालंच, "अरे धांद—" आणि ते मध्येच थांबले. गिळून टाकलं. "सावकाश कर," म्हणाले. "मापाला माप लावून बघ."

चिरंजीव मान खाली घालून हसले. "म्हणा हो बाबा. धांदरट म्हणा. तीस वर्षं झाली ऐकून."

तिसरा तुकडा बसला. गोंद लावला, दोन्ही बाजूंनी प्लायची पट्टी मारली, आणि सुकेपर्यंत माझ्या पोटावर पिठाचा डबा ठेवला. रविवारचा अख्खा दिवस मी तसा पडून होतो. गोंद नीट धरेल का? नवं लाकूड माझं होईल का? की मी पुन्हा फाटेन, आणि ह्या वेळी खाली चिरंजीव नसून बाबा असतील? ज्याला माहीत असतं त्याने बोलून टाकावं हो. आम्हा दारांना तोंड नाही, तुम्हाला देवाने दिलंय. एवढंच मला तेव्हा पुन्हा पुन्हा वाटत होतं.

सोमवारी सकाळी मला जागेवर चढवलं. बिजागऱ्यांना लांब स्क्रू घातले. हँडल ठोकळ्यावर बसवून बोल्ट आरपार नेले आणि मागून नट आवळले. चिरंजीवांनी आधी स्वतः लोंबकळून बघितलं, दोन्ही पाय उचलून. मी हललो नाही. मग सूनबाईंनाही लोंबकळायला लावलं. त्या म्हणाल्या, "मला काय माकड समजलात?" पण लोंबकळल्या.

व्यायामवाल्या बाई आल्या. बाबा पलंगाच्या कडेला बसले. त्यांनी दोन्ही हात हँडलवर ठेवले. चिरंजीव समोर वाकून उभे, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, पकडायच्या तयारीत. मी डोळे मिटले असते, डोळे असते तर.

आणि बाबांनी भार टाकला. सगळा. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला त्यांचं वजन कळलं. केवढा जड माणूस! नवं लाकूड करकरलं, बिजागऱ्या ताणल्या गेल्या, मी दात-ओठ खाऊन धरून ठेवलं. बाबा उठत गेले, सरळ होत गेले, आणि उभे राहिले. गादीला हातसुद्धा न लावता.

"शाबास!" बाई म्हणाल्या. "झालं, आता बसा."

बाबा बसले. चिरंजीवांकडे बघितलं. ते अजून तसेच हात पसरून उभे होते. बाबांनी पुन्हा हँडल धरलं, पुन्हा सगळा भार टाकला आणि पुन्हा उठले. दुसऱ्यांदा उठायची काहीच गरज नव्हती.

"पुरे आता, दमाल," बाई म्हणाल्या.

"थांबा हो," बाबा म्हणाले आणि परत बसले. "मुलाने केलंय. अजून एकदा उठून बघू दे."